सगुणाआत्याचा धवला

मयूर चार वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि त्याला वाढवलं ते सगुणाआत्यानं. डोंबिवलीजवळच्या त्यांच्या आगरी गावात आत्या धवलारीण होती, गाऊन लग्न लावणारी. लग्नाचे धवले गायला तिने तोंड उघडल्याशिवाय मांडवात पान हलत नसे. मयूरला कीबोर्डच्या क्लासला घातलं तेही तिनेच. पोरगं दिवसभर ताटल्या बडवतं, निदान सुरात बडवू दे, असं तिचं म्हणणं.

घरी येऊन मयूर तिचे धवले कीबोर्डवर शोधायला बसे आणि दरवेळी गाडं एका सुरावर अडे. तो सूर दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी राही. ही दाबली तर खाली, ती दाबली तर वर. क्लासच्या विनीत सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तुझी आत्या बेसूर गाते रे." हे आत्याला सांगितलं, तर ती हसून हसून बेजार.

"तुज्या पेटीन नाय त्यो सूर, त्याला मी काय करू?"

पुढे मयूर हळदीत वाजवू लागला, मग वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात स्टुडिओ होता तिथे जाहिरातींना संगीत देऊ लागला. दहा वर्षं घासल्यावर एक सिनेमा मिळाला. त्यात मुलीच्या पाठवणीचा प्रसंग होता. मयूर आत्याला स्टुडिओत घेऊन गेला. हेडफोनवरून पदर सारखा करत ती धवला गायली, मयूरच्या आईच्या लग्नात गायलेला तोच. काचेपलीकडे मयूर रडला.

"माजा आवाज शिनेमान येल ना रं?"

"येणार म्हणजे येणारच."

दिग्दर्शकाला आवाज आवडला. "फक्त सूर जरा सरळ कर ना. मधेच बेसूर वाटतंय."

इथे मयूरने बोलायला हवं होतं. नाही बोलला. पहिला सिनेमा, हातातोंडाशी आलेला घास! दोन दिवस बसून त्याने कॉम्प्युटरवर आत्याचा एकेक सूर उचलला आणि जवळच्या पट्टीवर नेऊन ठेवला. तो मधला सूरसुद्धा. दिग्दर्शक खूश झाला. मयूरही थोडा झाला, लपवण्यात काय अर्थ?

कल्याणच्या थेटरात आत्या नवं लुगडं नेसून आली. पाठवण सुरू झाली, धवला घुमला. मयूर श्वास रोखून तिच्याकडे बघत होता. शेजारच्या बायका ऐकत होत्या तशीच तीही ऐकत होती.

"बाई गोड गाते," संपल्यावर ती म्हणाली. "पन हिनं कवा लगीन लावलेलं नाय." मग सिनेमा संपेपर्यंत ताठ बसून राहिली आणि दिवे लागल्यावर तिने विचारलं, "माजा कवा येल?"

ते तुझंच होतं, हे शब्द मयूरच्या जिभेवर आले होते. पण तुझ्याच आवाजातून मी तुला काढून टाकलं, हे सांगायचं कुठल्या तोंडानं? दगडापेक्षा वीट मऊ.

"कापला गं. सिनेमा लांबत होता."

आत्याचा चेहरा उतरला. मग तिनेच त्याचा हात थोपटला. "र्‍हावदे. तुजी धून त व्हती ना."

पडद्यावर नावं वर सरकत होती. 'धवला : सगुणा भोईर' आलं आणि गेलं. आत्याला वाचता येत नव्हतं.

"ही कोनाची नावा हान रं?"

"ज्यांनी काम केलं त्यांची."

आत्याने पडद्याकडे बघून हात जोडले.