ट्रायलला नेलेली सात सीटर

गाडीतलं मला सगळं कळतं, फक्त ती चालवता येत नाही. त्यामुळे घरात गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा चालवणार मेधा आणि पारखणार मी, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. (आपोआप म्हणजे मीच ती जाहीर केली.)

मेधाची, म्हणजे माझ्या बायकोची, बदली गणपतीपुळ्याकडच्या एका शाळेत झाली होती. रत्नागिरीहून सकाळची एसटी कधी उशिरा सुटायची, कधी सुटायचीच नाही, आणि मुख्याध्यापक मात्र रोज न चुकता वेळेवर हजर. नवी गाडी झेपणारी नव्हती. अशात तिच्या शाळेजवळ राहणाऱ्या विलासला आपली जुनी सात सीटर विकायची आहे असं कळलं. किंमत इतकी कमी की मेधाला आनंद झाला आणि मला संशय आला.

रविवारी आम्ही विलासच्या अंगणात हजर झालो. मीटरवर तीन लाखांच्या वर किलोमीटर.

"एवढी फिरली?" मी विचारलं.

"घरच्यांसाठीच हो, सर. भायेरचा मानूस कधी बसला नाय हिच्यात."

"घरचे जात होते कुठे एवढे?"

"देवदर्शनाला," विलास म्हणाला. "आमच्यात श्रद्धा फार."

मी काही साधासुधा गिऱ्हाईक नव्हतो. पंधरवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून अभ्यास केला होता. पत्र्यातला पोचा बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल तर तिथे लोहचुंबक चिकटत नाही, हे त्यातलंच ज्ञान. म्हणून आमच्या फ्रिजवरचा आंब्याच्या आकाराचा चुंबक मी खिशातून आणला होता. दरवाजाला लावला, पडला. बॉनेटला लावला, पडला. मागच्या चाकाच्या वर एका जागी चिकटला तेव्हा मलाच बरं वाटलं.

"चुंबकात दम नाय ऱ्हायला तुमच्या," विलास सहानुभूतीने म्हणाला.

"अहो, चालवून बघू या का?" मेधा मध्ये पडली.

ती चालवायला, मी तिच्या शेजारी, विलास मागे, असे आम्ही समुद्राकाठच्या आरे-वारेच्या रस्त्याला लागलो. इंजिनाचा आवाज मी डोळे मिटून ऐकू लागलो. व्हिडिओतला माणूस तसंच करायचा. गाडी थांबली म्हणून डोळे उघडले, तर रस्त्याच्या कडेला डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली मावशी हात करून उभी.

"काही अडचण असेल बिचारीला," मेधा म्हणाली.

मावशीला कसलीही अडचण नव्हती. तिने दरवाजाला कमरेने धक्का दिला, मग हँडल वर उचललं, आणि निघताना आम्हा दोघांनाही न उघडलेलं डावीकडचं मागचं दार पहिल्या झटक्यात उघडलं. पाटी आत सरकवून ती बसली आणि म्हणाली, "शिरगावला सोड गो बाय. आज विलास नाय चालवत?"

मी मागे वळून विलासकडे पाहिलं. विलास समुद्राकडे पाहत होता.

"ही तुझ्या घरची?" मी विचारलं.

"घरच्यासारखीच हो."

पुढच्या थांब्यावर घरच्यासारख्या आणखी दोघी चढल्या. त्यापुढे एक आजोबा आले, ते थेट माझ्या दारापाशी. "उठा," ते शांतपणे म्हणाले. "मला मागं बसून उलटी व्हते. ही शीट माझी." तीन लाखांपैकी निदान पन्नास हजार किलोमीटर त्यांनी तिथे बसून काढले असावेत, असा तो आवाज होता. मी उठलो. मागच्या टोकाच्या आडव्या सीटवर मासळीची पाटी गुडघ्यांत धरून बसलो आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा नाद सोडला, कारण आता वास जास्त येत होता.

मेधा मात्र खुलली होती. वर्गात तोंडी परीक्षा घेते तसं तिने एकेकीला विचारायला सुरुवात केली.

"मावशी, रस्त्यात बंद पडते का हो ही?"

"पडायची. गेल्या साली इंजिन सगला खोलून केलान. तवापासना नाय."

"ती काच खाली करू नकोस हां," मागची एक म्हणाली. "मग वर येत नाय. पावसात मी छत्री उघडून बसलेली आतमधी."

"आनि चढाला एसी बंद कर," आजोबांनी जोड दिली.

मी पाटीमागून इशारा दिला, "मेधा, ही गाडी घेण्यात अर्थ नाही."

"सर, वाईच सरका," विलास म्हणाला. त्याला पाय लांब करायचे होते.

आणि आरे-वारेचा चढ आला. निम्म्यावर गाडीने मान टाकली. कुणी न सांगताच पुरुषमंडळी उतरू लागली, आजोबा सोडून. पुरुषमंडळी म्हणजे मी आणि विलास. आम्ही रेटा दिला, गाडी हलली, आणि हलली ती थांबलीच नाही. वर पोचून वळणाआड दिसेनाशी झाली.

"चढाला थांबवायची नसते," विलासने खुलासा केला. "म्याडमना बरोबर कललं."

उतरताना मी खाली ठेवलेली मावशीची पाटी रस्त्यावरच राहिली होती. ती डोक्यावर घेऊन मी चढ चढलो. वाटेत एका पर्यटकाने गाडी थांबवून मला पापलेटचा भाव विचारला.

वर पोचलो तर मेधा सगळ्यांबरोबर टपरीवर चहा पीत उभी. "घेतली मी गाडी," ती म्हणाली.

"ढकलावी लागते ती!"

"क्लच गेलाय, तो करून घेऊ. इंजिन नवं आहे, काचेचं कळलं, दाराचं कळलं. विकणारा खोटं बोलला तरी रोज बसणारे कशाला बोलतील? तुम्हाला काय कळलं ते सांगा."

मला कळलेलं सगळं फ्रिजवरच्या आंब्यापुरतं होतं. मी चहा मागवला.

त्याला दीड वर्ष झालं. क्लच बदलला, गाडी रोज शाळेला जाते आणि कधीही बंद पडलेली नाही. गेल्या आठवड्यात मी कामासाठी त्याच रस्त्यावरच्या बसणी गावात गेलो होतो. परत यायला रस्त्यावर उभा राहिलो तर समोरून आमचीच गाडी आली, गच्च भरलेली. मी हात केला. मेधाने गाडी थांबवली आणि काच खाली न करताच आतून काहीतरी खुणा केल्या.

"कोन हाय?" मागून कुणीतरी विचारलेलं मला बाहेर ऐकू आलं.

"आमचे हे."

"मग घे की. बसतील टपावर."

मेधाने नकारार्थी मान हलवली नाही. तिने वाकून टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अंदाज घेऊ लागली.