एकोणतिसावा कॉल

तेरा वर्षांपूर्वी आमची कंपनी काश्मीरमध्ये तेरा हजार चारशे फुटांवर होती. मी गोव्याच्या पेडण्यातल्या पार्से गावचा, तेव्हा सिग्नलचा नाईक. माझ्या हाताखाली लान्स नाईक सांतान. तोही पेडणे तालुक्यातलाच, ख्रिस्ती. वायरलेस सेटवर आळीपाळीने बसायचं आणि प्रत्येक कॉल वेळेसह लॉगबुकात लिहायचा, हे आमचं काम. उत्तर आलं नाही की 'नथिंग हर्ड' लिहायचं.

त्या दिवशी सकाळी सहाला हवालदार शिंदे चार जवान घेऊन पेट्रोलवर निघाले. शिंदे चंदगडचे, आवाज खणखणीत. जाता जाता सांतानला म्हणाले, "पाववाल्या, चहा गरम ठेव." सव्वानऊला त्यांचा मेसेज आला. "व्हिजिबिलिटी झीरो. थांबतोय. ओव्हर." त्यानंतर काहीच नाही.

साडेनऊला सांतानने पहिला कॉल दिला. "चार्ली टू फॉर चार्ली, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर." चार्ली टू म्हणजे पेट्रोल, चार्ली म्हणजे आमची पोस्ट. उत्तर नाही. दर पंधरा मिनिटांनी कॉल, असा हुकूम झाला. कॉल दिल्यावर सांतान पूर्ण एक मिनिट ऐके, 'नथिंग हर्ड' लिही, मग बोटातली तेर्साची, म्हणजे जपाची, अंगठी एक मणी पुढे सरकवून प्रार्थना पुटपुटे. एका कॉलला एक मणी. दहा मणी संपले की पुन्हा पहिल्यापासून.

बर्फ थांबत नव्हतं. वीस पावलांवरचं दिसेपर्यंत रेस्क्यू पार्टी सोडणार नाही, असं सुभेदारसाहेबांनी सांगितलं होतं. दीड वाजता सतरावा कॉल झाला. साहेब बेळगावचे, जीभ तिखट. म्हणाले, "काय रे सांतान, तुझा देव पण सेट बंद करून बसला काय?"

"ठाऊक नाही साहेब. पुढचा कॉल पावणेदोनला आहे."

मी हिशेब करत होतो. जनरेटर सकाळपासून चालू झाला नव्हता. चार्ज असलेल्या बॅटऱ्या दोन. एक रेस्क्यूसाठी राखून ठेवलेली, दुसरी या गतीने संध्याकाळपर्यंत टिकत नव्हती. मी सांतानला सांगितलं, आता अर्ध्या तासाने एक कॉल. आम्ही दोघंच असलो की तो आमच्या बोलीत बोले.

"नाका रे दादा. जाप येना म्हणून मागप उणें करूं नजो." जाप म्हणजे उत्तर. ते येत नाही म्हणून मागणं कमी करायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

मी म्हणालो, ही बॅटरी आहे, इगर्जीतली प्रार्थना नव्हे. त्याने वाद घातला नाही. माझी पेन्सिल घेतली आणि आकडे मांडले. बंकरमधला दिवा त्याच बॅटरीवर होता. तो काढला तर पंधरा मिनिटांचे कॉल संध्याकाळपर्यंत निघत होते. हिशेब बरोबर होता. मी दिव्याची वायर काढली. सांतान अंधाऱ्या बंकरमध्ये बसला आणि पावणेदोनला अठरावा कॉल गेला.

तीन वाजता थोडं दिसू लागलं. सुभेदारसाहेब, मी आणि सहा जण दोरीला बांधून निघालो. सेट माझ्या पाठीवर. दर पंधरा मिनिटांनी त्यातून सांतानचा आवाज येई. सव्वाचारला अठ्ठाविसावा कॉल झाला, तरी माग नव्हता. साडेचारला परत फिरायचं, असं साहेबांनी ठरवलं होतं, कारण साडेपाचला उजेड जाणार होता.

बरोबर साडेचारला माझ्या पाठीवर आवाज आला. "चार्ली टू फॉर चार्ली..."

तोच आवाज डावीकडून, खालूनही आला.

साहेबांनी हात वर केला. मी माझा सेट बंद केला. आवाज थांबला नाही. "...रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

त्या उंचीवर कोणी धावत नाही. आम्ही धावलो. अवघी पंधरा पावलं. एका खडकाआड पाच जण छातीपर्यंत बर्फात बसले होते. वाऱ्याच्या बाजूला शिंदे, दोन्ही हातांनी सेट वर धरलेला. बोलताना दाबायचा स्विच सकाळीच पडून तुटला होता. त्यांना सगळं ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. शिपाई जाधव म्हणाला, "प्रत्येक कॉलला आम्ही पाचही जण ओरडून उत्तर दिलं, साहेब. आणि एकमेकांना हलवून जागं केलं. पंधरा मिनिटं कशीबशी निघायची. त्याहून जास्त निघाली नसती."

मी अर्ध्या तासाचा हिशेब कोणाला सांगितला नाही. सेट चालू केला. "चार्ली, फाइव्ह फाउंड. ऑल अलाइव्ह. ओव्हर."

 मग "रॉजर" आलं.  पोस्टवर पोहोचलो तेव्हा स्टोव्हवर चहा उकळत होता.

चौघे बरे झाले. हवालदार शिंदे अकरा दिवस इस्पितळात होते. अकरा दिवस सांतानची अंगठी फिरत होती. बाराव्या दिवशी सकाळी शिंदे गेल्याचा मेसेज आला आणि तो सांताननेच लिहून घेतला. काही दिवसांनी मी विचारलं, आता काय म्हणशील?

"ती जाप माका अजून आयकूंक येवंक ना," तो म्हणाला. "पूण कॉल चालू आसा."

आम्ही दोघंही आता घरी आहोत. सांतानच्या वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, दर मे महिन्यात लदीनीची प्रार्थना असते. निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली, नऊही वेळा बायकोला घेऊन गेलो. मी हिंदू, गाता येत नाही, उभा राहतो. प्रार्थना गाऊन झाली की उकडलेले चणे वाटतात. त्याआधी सांतान मोठ्याने एक नाव घेतो. हवालदार शिंदे.

मग कोणी चण्यांना हात लावत नाही. कॉल दिल्यावर ऐकण्यासाठी जेवढं थांबायचं असतं तेवढं, पूर्ण एक मिनिट, आम्ही थांबतो.