कपातली लाळ

मंगळवार, ९ मार्च १९९९ चा दिवस. गाईचे चौदा जबडे, एकतीस डॉलर चाळीस सेंट. दक्षिण ओमाहाच्या कत्तलखान्याची ही गेल्या आठवड्याची पावती आर्डिस पॉस्पिसिलने घाईघाईने फाइलला लावली आणि ती पुन्हा यंत्रापाशी आली. दंतमहाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तिची सव्वीस वर्षे गेली होती, पण असे आकडे तिने कधी पाहिले नव्हते.

प्रयोग डॉक्टर होऊ घातलेल्या कर्टिस बोलिंगचा. वेडेवाकडे दात तारेने सरळ करायचे तर आधी दातांवर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचे धातूचे छोटे तुकडे, चिकटवावे लागतात, आणि चिकटवताना लाळेचा थेंब लागला की ते गळून पडतात. कर्टिसच्या नव्या द्रवाने ते लाळेतही टिकतात का, एवढाच प्रश्न होता. दात गाईचे, लाळ आर्डिसची. प्रयोगाच्या दिवशी ती दात घासून, उपाशीपोटी एका कपात थुंकायची. तोवर घरचे कोलाचे, म्हणजे फळांचे सारण भरलेले गोड पाव, डब्यात पडून.

यंत्राचे पाते ब्रॅकेटवर उतरले. आठ मेगापास्कल दाबापर्यंत टिकला तरी पुष्कळ होते. कट्!

"सतरा!" कर्टिस ओरडला. "बाई, तुमची लाळ आहे की सरस?"

"तेहतीस वर्षं नवरा चिकटून आहे तो काय उगाच?"

विसावा ब्रॅकेट सुटला तेव्हा कर्टिस टेबलावर ताल धरून नाचत होता. दंतवैद्यांच्या परिषदेला प्रयोगाचा गोषवारा पाठवायची मुदत उद्या पाचला संपत होती.

आर्डिसचे हसू मात्र मावळले. रविवारी तिने सर्दीची गोळी घेतली होती. सोमवारी तोंड कोरडे ठणठणीत. पोराचा खोळंबा नको म्हणून तिने कपात निम्मे नळाचे पाणी घातले होते. लाळ म्हणजे पाणीच की, असे तेव्हा वाटले होते.

"कर्टिस, बस जरा."

"आता बसवतंय कुणाला!"

"अरे, कालच्या कपात निम्मं पाणी होतं. मी घातलं."

तो मटकन बसला. "सगळं पाण्यात गेलं म्हणा की."

"रडतोस काय? साडेबारा वाजलेत. दोनपर्यंत चिकटव, चोवीस तास कोमट पाण्यात ठेव, उद्या दोनला तोडू."

"आणि दात? चौदा जबड्यांतले चांगले सगळे संपले!"

ती जिन्याने धावत तिसऱ्या मजल्यावरच्या जोआनच्या प्रयोगशाळेत गेली.

"जोआन, गाईचे वीस दात दे. आत्ता."

"डोकं फिरलंय का? माझे मोजून ठेवलेत."

"मीही मोजूनच मागतेय."

"परत देशील?"

"देईन गं बाई!"

सकाळपासून यंत्रापुढून हलली नसल्याने तिच्या पोटात काही नव्हते. गोळीचा अंमलही उतरला होता. तिने दात घासले आणि कप भरला, निव्वळ लाळेने. दोनला पाच मिनिटे असताना विसावा ब्रॅकेट चिकटला.

बुधवारी दोनला दोघेही यंत्रापाशी उभे होते. कट्!

"नऊ," कर्टिस हळूच म्हणाला.

मग अकरा. मग दहा. मग पुन्हा अकरा. एकही आठच्या खाली उतरेना. वीस झाल्यावर आर्डिसने सरासरी दोनदा काढली: दहा पूर्णांक दोन. सतरा नव्हे, पण खरे.

"टिकतात, बाई! थुंकीत टिकतात!" कर्टिसने तिला उचलून गरकन फिरवले.

"खाली ठेव मेल्या, कंबर मोडेल. आणि आधी पाठव!"

चार वाजून वीस मिनिटांनी गोषवारा गेला.

जोआनला गाईचे वीस दात देणे अजून बाकी आहे.