चार माणसं आणि कंडक्टर

प्रवासातल्या कपड्यांची बादली अर्धी पिळून झाली आहे, अर्धी तशीच भिजते आहे. भिजू दे. हात पुसले, देवापुढे दिवा लावला आणि वही ओढली. वन्संची ही गोष्ट ताजी असतानाच लिहिलेली बरी.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. आमच्या घरची प्रत्येक सहल त्यांनीच नेली. नव्या गावात त्या कुणाला काही विचारत नाहीत. गावातल्याच बसचं शेवटच्या थांब्याचं तिकीट काढायचं, खिडकीशी बसायचं आणि चढणाऱ्यांच्या हातांकडे बघायचं. कुठल्या थांब्यावर लोक काय घेऊन चढतात, यावरून त्या गाव ओळखतात. आणि निघताना मोजणी: "चार." हे, मी, मुलगा, सूनबाई आणि वन्सं धरून आम्ही पाच जण, पण कंडक्टर स्वतःला प्रवाशांत धरत नाही.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हातात काठी आली. निघण्याआधीच हे म्हणाले, "ताई, पुढच्या वर्षीपासून तू घरी आराम कर. आम्ही फोटो दाखवू."

"फोटो काय चाटायचेत?" वन्सं म्हणाल्या खऱ्या, पण सहल ठरवायला पुढे आल्या नाहीत.

या वेळी यादी सूनबाईच्या फोनमध्ये होती. पोरीने मन लावून केली होती, तिला बोल नाही. पण संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद निघालं. मनोऱ्याला दोनशे पायऱ्या, म्हणून वन्सं खाली आमच्या पिशव्या राखत बसल्या. नावाजलेल्या खानावळीत तासभर ताटकळलो आणि गारढोण जेवलो. दुसऱ्या दुपारी हे म्हणाले, "पुरे झालं, खोलीवर जाऊ."

वन्सं काठी टेकत उठल्या. "एक बस. त्यात काही मिळालं नाही तर कायमची घरी बसते. शब्द."

थांब्यावर जुनी बस उभी होती. तिथेही कंडक्टरच्या दोन ठोक्यांवरच बस हलते. कंडक्टर पुढे तिकिटं फाडत होता. आम्ही वन्संना आधी चढवून बसवलं. त्यांनी मान वळवून मोजलं, "एक, दोन, तीन, चार," आणि जुन्या सवयीने काठीची मूठ दांडीवर आपटली. टण टण. बस निघाली. मागच्या काचेतून पाहते तो हे फुटपाथवर, एक बूट पायात, दुसरा हातात घेऊन खडा झटकताहेत.

मुलगा ओरडेपर्यंत बस कोपऱ्यावरून वळलीसुद्धा.

वन्संचा चेहरा उतरला. "वहिनी, मी आज स्वतःला मोजलं," त्या हळूच म्हणाल्या. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. आम्हीच त्यांना प्रवासी करून टाकलं होतं, दुसरं काय. मी म्हटलं, "देवाने काही कारणानेच त्यांना मागे ठेवलं असेल."

चौथ्या थांब्यावर सात-आठ बायका चढल्या. प्रत्येकीच्या हातात कागदी पुडकं, तेलाचे डाग पडलेलं, आणि बाहीत हात गुंडाळून धरलेलं. म्हणजे गरम. वन्संची पाठ ताठ झाली.

"सूनबाई, सासऱ्यांना फोन लाव." फोन कानाला लावताच त्यांनी सुरुवात केली, "धाकट्या, पुढची बस पकड. चौथ्या थांब्याला उतर. बायका ज्या बोळातून येतील त्यात शीर. गरम मिळेल ते पाच घे आणि शेवटच्या थांब्याला ये." पलीकडून हे तणतणत होते. "भांडण नंतर. आधी बस."

शेवटच्या थांब्याला नदी होती आणि पाण्याच्या चाकावर अजून चालणारी दगडी गिरणी. यादीत तिचं नावही नव्हतं. गिरणीवाल्याने सूनबाईच्या ओंजळीत कोमट पीठ दिलं, ती किती तरी वेळ ते नुसतं हुंगत उभी राहिली. अर्ध्या तासाने हे आले. हातात पुडकं, मिशीला जर्दाळूचा गर.

"पाचच आणलेस ना?" वन्संनी विचारलं.

"पाचच आहेत."

"मग मिशीला काय आहे?"

"सहावा होता."

जर्दाळू भरलेले ते गरम पाव आम्ही चाकाच्या आवाजात उभ्यानेच खाल्ले. सूनबाई बोटं पुसत म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षीची यादी तुम्हीच करा."

वन्सं भावाकडे बघत राहिल्या. हे पुडक्यातला चुरा गोळा करत म्हणाले, "ये बाई. फक्त मला मोज."

"येईन काय? मी नेणार आहे."

परतीच्या बसला गुडघ्याचं कौतुक न करता त्या सगळ्यांच्या शेवटी चढल्या. "चार," म्हणाल्या, आणि दोन ठोके दिले.

काठीच्या टोकाचं रबर त्या दोन दिवसांत पार झिजलं. उद्या सकाळी वन्सं ते बदलून आणायला बाजारात जाणार आहेत.