पेन्सिल्व्हेनियाचं मत आणि आंग मो किओची लाइन

"नाव सांगा. एकच नाव. बाकी रिपोर्ट मी वाचणार नाही," मिस्टर लिम म्हणाले.

सिंगापूरमधल्या तांजोंग पगार भागातल्या आमच्या ऑफिसात आम्ही तिघं बसलो होतो. ते, मी आणि माझी बॉस रेचल. अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. मी पोलिटिकल रिस्क अ‍ॅनालिस्ट आहे. कुठल्या देशात सरकार बदललं तर कंपन्यांच्या धंद्यावर काय परिणाम होईल, याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. मिस्टर लिम आमचे क्लायंट. आंग मो किओला त्यांची फॅक्टरी आहे. तिथे एअर कंडिशनरमध्ये बसवायचे सेन्सर बनतात आणि बहुतेक माल अमेरिकेला जातो.

त्यांचा विचार सरळ होता. एक उमेदवार उघड सांगत होता, की बाहेरून येणाऱ्या मालावर मोठा टॅरिफ, म्हणजे आयातकर, लावणार. तो जिंकला तर सेन्सर बनवायची लाइन इथून उचलून मेक्सिकोला न्यायची, कारण तिथला माल करारामुळे अमेरिकेत जवळपास करमुक्त जातो. नाही जिंकला, तर काही हलवायचं नाही. मेक्सिकोतली जागा त्यांनी बघून ठेवली होती. पण तिचा मालक निकालापर्यंत थांबायला तयार नव्हता.

"माझी मुलगी लॉस एंजेलिसला असते. ती म्हणते, त्या टॅरिफवाल्याला तिथे कोणी विचारत नाही लाह," मिस्टर लिम आपल्या सिंगापुरी 'लाह'सकट म्हणाले. "तरी मला तुमच्याकडून ऐकायचंय."

"मेघना शुक्रवारपर्यंत देईल," रेचलने माझ्या वतीने परस्पर सांगून टाकलं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "लॉस एंजेलिसवरून काहीच कळत नाही."

अमेरिकेत देशभराची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही. प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक मतं असतात. जवळपास सगळीकडे, जो उमेदवार राज्यात एका मताने जरी पुढे गेला, तो राज्याच्या वाट्याची ती सगळी मतं घेऊन जातो. त्यामुळे कॅलिफोर्नियात कोणी लाखांनी जिंकलं काय आणि थोडक्यात जिंकलं काय, सारखंच. बहुतेक राज्यांचा कल आधीच ठाऊक असतो. खरी लढत चारदोन राज्यांत होते. पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन त्यांतली.

"मग त्या तिन्ही राज्यांतले मतचाचण्यांचे पोल बघ," रेचल म्हणाली.

"जवळजवळ बरोबरीत आहेत. आणि पोल चुकले तर तिन्हीकडे एकाच बाजूला चुकतात. माणसं एकाच वळणाची. पोलवाल्यांचा फोन न उचलणारा मतदार एका राज्यात असतो, तसाच शेजारच्या राज्यातही असतो."

माझी कॉलेजातली मैत्रीण अनघा पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात फार्मसिस्ट आहे. एका माणसाच्या सांगण्यावरून अंदाज बांधायचा नसतो, पण आकडे बघून डोकं बधिर झालं की मी माणसांशी बोलते. तिला फोन लावला.

"निवडणुकीचं काय बोलतात गं लोक?"

"निवडणुकीचं कुठलं! अंड्यांचं बोलतात," ती म्हणाली. "टीव्हीवर सांगतात महागाई उतरली. म्हणजे काय, तर वाढायचा वेग उतरला. भाव कुठे उतरलाय? औषध घ्यायला आलेली बाई मला घरभाडं किती वाढलं ते ऐकवते. मग राग निघतो तो खुर्चीवर बसलेल्या पक्षावर."

"पण टॅरिफने तर सगळं आणखी महाग होईल."

"अगं, काहींना वाटतं तो पैसा परदेशी लोक भरतात. आणि काही म्हणतात, महाग झालं तर होऊ दे, पण आमचा कारखाना परत येऊ दे. इथला बंद पडून किती वर्षं झाली! आता फक्त ते मतदानाला बाहेर पडतात की घरी बसतात, तेवढंच बघायचं."

फोन ठेवल्यावर मला आंग मो किओची लाइन बघावीशी वाटली. दुसऱ्या दिवशी गेले. लाइनवर बहुतेक पन्नाशीच्या बायका होत्या. सुपरवायझर फातिमा त्यांच्यातलीच एक. हातातलं काम न थांबवता तिने विचारलं, "मिस, कोण आला तर आमच्यासाठी बरं?"

"तेच शोधतेय," मी म्हटलं. अनघाच्या गावातल्या लोकांना जो कारखाना परत हवा होता, तसलाच एक माझ्यासमोर चालू होता. त्याचं भवितव्य त्यांच्या मतावर लटकलं होतं, आणि या बायकांना मत नव्हतं.

मी मिस्टर लिमना विचारलं, "आतले सुटे भाग कुठून येतात?"

"चीनमधून. सगळेच घेतात."

"चीनच्या मालावर आधीपासून टॅरिफ आहे. एका पक्षाने लावला, दुसऱ्याने सत्तेत येऊन काढला का?"

"नाही."

"म्हणजे कोणीही आलं तरी चिनी भागांची डोकेदुखी राहणारच. आणि टॅरिफवाला आला, तर मेक्सिकोला सोडेल?"

"त्यांच्यावरही लावीन म्हणतोय."

"मग मेक्सिको कशासाठी?"

रिपोर्टमध्ये मी नाव दिलं नाही. लढत बरोबरीची आहे, मेक्सिकोच्या जागेवर आत्ता सही करू नका आणि सुटे भाग दुसरीकडून आणायला लागा, एवढं लिहिलं. रेचल वैतागली.

"क्लायंटने नाव मागितलं होतं, मेघना!"

"देते की. पण ते नाणं उडवून काढलेलं असेल. त्यावर तो फॅक्टरी हलवेल."

तिने रिपोर्ट पुन्हा वाचला. "क्लायंट गेला तर ते तू निस्तरायचं," म्हणाली आणि पाठवून दिला.

मिस्टर लिम चिडले, पण सही त्यांनी केली नाही.

निकाल आमच्याकडे सकाळ असताना येऊ लागले. ती तिन्ही राज्यं एकाच बाजूला गेली. टॅरिफवाला जिंकला. काही महिन्यांतच मेक्सिकोच्या मालावर टॅरिफ जाहीर झाला. आणि मग सिंगापूरवरही. आम्ही अमेरिकेला विकतो त्यापेक्षा तिच्याकडून जास्त विकत घेतो, तेव्हा आमच्या वाटेला कोणी जाणार नाही, असं ऑफिसात सगळ्यांनीच धरलं होतं. माझ्या रिपोर्टमध्येही त्याबद्दल एक शब्द नव्हता.

मिस्टर लिम तोवर मलेशियातल्या पेनांगच्या एका सप्लायरकडून भाग घ्यायला लागले होते. ऑर्डरी मधे घसरल्या, मग थोड्या सावरल्या. लाइन चालू आहे. फातिमा कामावर आहे. ज्या निवृत्त झाल्या त्यांच्या जागी मात्र नवीन कोणी घेतलं नाही.

महागाई, सत्तेवरचा राग, मतदानाला कोण बाहेर पडतं आणि कुठल्या राज्यात पडतं, यांवर ही निवडणूक फिरते. हे मी अजूनही क्लायंटना तासभर समजावते. पण त्याआधी एक प्रश्न विचारते: कोणीही आलं तरी तुम्हाला करावं लागेलच, असं काय आहे? बहुतेकांकडे तसं काहीतरी निघतं. आणि बहुतेकांनी नेमकं तेच निकालापर्यंत पुढे ढकललेलं असतं.