पांढरे तळहात

आज सकाळी गॅसचा सिलिंडर उचलण्याआधी ताईने डब्यातलं थोडं पीठ तळहातांवर चोळलं. स्पर्धांच्या काळात ती खडूची पूड चोळायची. वजन उचलणारी आमच्या जिल्ह्यातली ती पहिली मुलगी. अजूनही काही जड उचलायचं म्हटलं की तिचे हात आधी पांढरे होतात.

आमचे वडील, अण्णा, अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या पाठीसाठी आणलेली पावडर ती आधी स्वतःच्या हातांना लावायची आणि मग त्यांना अलगद खुर्चीत बसवायची.

"पाडू नकोस गं, पदक जाईल," अण्णा हसायचे.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. तिरडी उचलायच्या वेळी ताई तशाच पांढऱ्या हातांनी पुढे आली.

काका म्हणाले, "पोरी, मागे हो. बायका खांदा देत नाहीत."

"काका, रोज मीच उचलत होते त्यांना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलगा. मी मान खाली घालून खांदा दिला. अण्णा इतके हलके झाले असतील असं वाटलं नव्हतं. त्याआधी मी त्यांना कधी उचललंच नव्हतं.

आज सिलिंडरला हात लावायला मी पुढे झालो.

"राहू दे रे, कंबर धरेल तुझी. मागे हो," ताई म्हणाली.

शब्द काकांचेच होते, हे तिच्या लक्षातही आलं नसेल. मी मागे झालो.