ओठावरचा जर आणि अर्धा विडा

प्लेगच्या साथींनी माझं लग्न दर साली पुढं ढकललं आणि मी विशीला पोचले. महाराजांच्या राज्यातल्या कोल्हापुरात एवढ्या वयाच्या मुलीला तोंडावर घोडनवरी म्हणत. त्यामुळं लग्न लागलं तेव्हा सगळ्यात मोठा सुस्कारा माझ्या वडिलांनी सोडला.

मग विडा तोडायचा खेळ आला. मी विडा दातांत धरला. बाहेर राहिलेला अर्धा भाग नवऱ्यानं दातांनी तोडायचा. बायका कोंडाळं करून बसल्या होत्या. हे वाकले, थांबले आणि चक्क तोंड फिरवून म्हणाले, "मला न्हाय जमायचं."

वडिलांचा चेहरा उतरला. माझी आत्या कडाडली, "आमच्या पोरीत काय खोट दिसली व्हय, पावणं?"

"खोट माझ्या ओठात हाय," ह्यांनी मान खाली घालून सांगितलं. हळदीच्या दिवशी उन्हात बसून ताप भरला होता आणि त्यामागून खालच्या ओठाच्या कडेला पाणीदार फोडांचा घोस उठला होता. आम्ही ह्याला जर म्हणतो. "दवाखान्यातला कंपाउंडर म्हणला, फोड सुकून खपली पडंस्तवर कुणाच्या तोंडाला तोंड लावायचं न्हाय. एकदा लागलं की परत परत उठतंय."

"कसला कंपाउंडर? कोळी किडा मुतलाय ओठावर, राख लावा," सासूबाईंनी निकाल दिला.

माझ्या दातांत विडा तसाच, हनुवटीवर लाळ. राग असा आला होता की बस्स. मी पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, विड्याचा बाहेरचा भाग कचकन कापला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. बायका हसू लागल्या, वडीलही हसले. मी मात्र हसले नाही.

पुढं सासरी पाहिलं. हे आपला पेला आणि पंचा वेगळा ठेवत, फोड खाजले तरी नख लावत नसत, ओठाला लोणी लावलं की हात धूत. सासूबाईंनी राखेची वाटी रोज पुढं केली आणि ह्यांनी रोज मागं सारली.

लग्नानंतर बाराव्या दिवशी दुपारी हे स्वयंपाकघरात आले. हातात विडा होता.

"खपली पडून दोन दिस झालं. हात लावून बघ."

मी बोट फिरवलं. ओठ गुळगुळीत होता. हा माणूस दिवस मोजत होता, हे मला तेव्हा कळलं आणि राग कुठल्या कुठं गेला. तसं मी सांगितलं मात्र नाही. विडा दातांत धरला आणि मुद्दाम नखाएवढाच बाहेर ठेवला.